बाबांच्या धमनीतली खळ

चूक माझीच होती. मी साकोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि शिकवायची खोड घरी आल्यावरही सुटत नाही.

बाबांच्या डाव्या पायाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. पाय गार पडला, पांढुरका झाला, आणि आम्ही त्यांना तसंच गाडीत घालून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गुठळी काढली, पाय वाचला. निघताना मात्र बजावून सांगितलं, रक्त गोठू न देणारी गोळी रोज घ्यायची. पुन्हा गुठळी झाली तर पायाची खात्री नाही. बाबा विणकर. हातमागाच्या पावड्या पायानं दाबायच्या असतात. पाय गेला की माग गेला, आणि मागाशिवायचे बाबा मला डोळ्यांसमोर आणताच येईनात.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "गुठळी सगळ्याइले काहून नाई होत?"

झालं, मला तेवढंच हवं होतं. मी सांगितलं, धमनीच्या आतल्या अंगाला साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा मऊ लेप असतो. आपण खातो ती साखर नव्हे, शरीरानं स्वतः घडवलेली. रक्तात एक प्रथिन फिरत असतं, गुठळी होऊ न देणारं. एरवी ते जरा आळशीच. पण या साखळीला टेकलं की त्याच्या अंगात जोर येतो, आणि गुठळी बांधायला निघालेल्या दुसऱ्या प्रथिनाला ते जागीच धरून ठेवतं. दवाखान्यात तुम्हाला दिलेलं इंजेक्शनही त्याच जातीच्या साखळीचं होतं. लेप झिजला, की तिथं गुठळीचं फावतं.

"म्हनजे ताण्याची खळच नं!" बाबा खूश झाले.

मागावरच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, आमच्याकडे भाताची खळ लावतात, वाळल्यावर धागे गुळगुळीत राहावेत, एकमेकांत अडकू नयेत म्हणून. मीही खूश. म्हटलं, "अगदी बरोबर, खळच." आमच्या वर्गात एवढ्या पटकन कुणाला काही कळत नाही.

पंधरा दिवसांनी सुटीवर आले तर बाबा गूळ घातलेली दाट पेज भुरके मारत पीत बसलेले. गप्पा मारता मारता आडव्या सुताच्या कांड्या भराव्यात म्हणून मी टोपली ओढली, तर तळाशी गोळ्यांचं पाकीट. जवळजवळ भरलेलं. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, हे काय?"

"वरडू नोको. नसाइले खळ देऊन राहिलो नं मी, तांदळाची. आन एका ताण्याले दोन खळा देत नाई. धागा कडक होते न तुटते. म्हनून गोळी बंद केली."

मागाच्या हिशेबानं त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले.

"बाबा, पेज पोटात जिरून जाते. धमनीतली खळ शरीर आतूनच देतं, सावकाश. तोवर झिजल्या जागेवर कुणी राखणीला नको? ते काम गोळीचं."

बाबांनी पेज खाली ठेवली. "म्हनजे गोळी खळ नोहे?"

"नाही."

"मंग पहिलेच सांगाचं नं! मास्तरीन कायची तू?"

आणि तिथल्या तिथं पेजेच्या घोटाबरोबर गोळी गिळली. त्यानंतर एक दिवस चुकवली नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांच्या पावलावर बोटं टेकवली, हसले, आणि बाबांचीच बोटं तिथं नेऊन ठेवली. नाडीचा ठोका पडत होता, चांगला ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा ताणा गल्लीत पसरला होता. ओली खळ लावून झाली होती, शेजारीपाजारी कुंचे घेऊन उभे. ती वाळायच्या आत कुंचा फिरला नाही तर सगळा ताणा चिकटून वाया. आणि बाबा ओट्यावर डावा पाय पसरून एकेकाला हाक मारताहेत, "ये, बोट ठेव. लागला का ठोका?" माणसं ओल्या हातानं येत होती, हसत होती, पुन्हा एकदा बघून जात होती.

शेवटी आई आली. पदराला हात पुसले, खाली बसली, दोन बोटं पावलावर ठेवली. आणि काढलीच नाहीत.

"अवो, ताणा वाळून राहिला नं," बाबा म्हणाले.

"वाळू द्या," आई म्हणाली.