फरंगीस खानमचा अकरावा तुकडा

सुनेने उभी हयात पेन्सिलीतल्या काळ्या भुकटीपायी घालवली, असं फरंगीसची सासू म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. इस्फहानच्या विद्यापीठात ती ग्राफाइटला चिकटपट्टी लावून सोलायची, पुन्हा पुन्हा सोलायची. शेवटी एका अणूच्या जाडीचा पापुद्रा उरायचा, तेच ग्राफीन. असे दोन पापुद्रे एकमेकांवर जेमतेम एका अंशाने तिरके बसले, तर कडाक्याच्या थंडीत त्यांतून वीज बिनविरोध धावते. सहा वर्षांत दहा तुकडे फसले. अकरावा जमला, पण तो तपासायचं यंत्र तेहरानला आणि तिथली रांग आठ महिन्यांची. निवृत्तीला उरले होते पाच.

अशात त्याच तेहरानहून डॉक्टर आर्दलान पाहुणा आला. पोरगा कॅनडात वाढलेला. सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाला, "काय सुरेख जमलाय, खानम."

"तुमच्यापुढे काय त्याचं? न्या, तुमचाच समजा."

कुणी शालीचं कौतुक केलं तरी हेच म्हणायचं, आणि समोरच्याने "छे छे" करायचं, ही जगाची रीत. या बाबाने आभार मानले, डबी खिशात घातली आणि बस पकडली.

"बरं झालं, त्याने माझं कौतुक नाही केलं," नवरा बहराम म्हणाला.

तिने तीनदा फोन केला. आर्दलानच्या आईची तब्येत विचारली, हवापाणी विचारलं आणि ठेवला. दिलेलं परत मागायचं कुठल्या तोंडाने? चौथ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन ती तेहरानला थडकली. चहा आला. मग तिने डोळे मिटून सांगून टाकलं, "डॉक्टर, मी रीत म्हणून बोलले होते. तुकडा माझा आहे. मला परत हवाय." एकोणसाठ वर्षांत ती इतकं सरळ कधी बोलली नव्हती. तिचे कान तापले.

आर्दलान गोंधळला. "तुमचाच आहे की. मला वाटलं, मोजून आणा म्हणताय. या आठवड्यात यंत्रावर माझी पाळी होती, तिच्यात तुमचा तुकडा घातला."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. विजेला होणाऱ्या विरोधाची रेघ खाली येत येत शून्यावर आडवी पडली होती. मुलगी झाली तेव्हा झाला होता तसा आनंद तिला झाला, आणि तिने डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही.

"लेखावर पहिलं नाव कुणाचं घालू, खानम?"

'तुमचंच' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो चहाच्या घोटाबरोबर गिळला.

"माझं," ती म्हणाली.