आत्या गेल्यावरची कामं

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि इथे नावांवरून सगळ्यांचा जीव खाणारी हीच. प्रोग्रॅममध्ये माहिती ज्या डब्यात ठेवायची, त्या प्रत्येक डब्याला नाव द्यावं लागतं. व्हेरिएबल म्हणतात त्याला. कुणी घाईत नुसतं ‘क्ष’ किंवा ‘माहिती२’ लिहिलं की आत्या खुर्ची ओढून शेजारी बसायची. मीठ की साखर हे चाखूनच कळणार असेल, तर चिठ्ठी डकवलीस कशाला, असं विचारायची. आत्या नावं सुचवते थोडी, ठेवते फार, अशी थट्टा चालायची.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मात्र ही शिस्त मनापासून उचलली होती. रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा नेमून देणारा प्रोग्रॅम दोघींनी अकरा वर्षं मिळून सांभाळला होता.

त्या मंगळवारी मैत्रिणीने लिहिलेलं प्रोग्रॅमचं एक पान तपासायला आलं. कोणतं काम कुणाकडे, ते वाटून देणारं. तपासणी आपोआप आत्याकडेच जाते, हे मैत्रिणीच्या ध्यानातून निसटलं असावं. आत्या कौतुकाने वाचत गेली. एकाही नावाशी अडखळावं लागलं नाही. मग एक यादी आली: ‘आत्या_गेल्यावरची_कामं’. पुढे तारीख होती, येत्या महिन्याची पहिली.

आपण कुठे जाणार आहोत, हे आत्याला ठाऊकच नव्हतं.

तिने पानाची नोंद उघडली. दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेलं. त्याच सुमारास, तुझ्या डोक्यात आहे ते सगळं एकदा लिहून काढ ना गं, असा लकडा मैत्रिणीने लावला होता. आत्याने हौसेने चाळीस पानं लिहून दिली होती. रोजचा चहा तर दोघींचा बरोबरच व्हायचा.

तिने मैत्रिणीला बोलावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. मैत्रिणीचा चेहरा उतरला. साहेबांनी कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, असं ती पुटपुटली.

“आणि ती चाळीस पानं?”

मैत्रीण माउसकडे हात नेत म्हणाली, “थांब, हे नाव बदलते मी.”

“कशाला? इतकं नेमकं नाव तू आजवर ठेवलं नव्हतंस.”

शेऱ्याच्या रकान्यात आत्याने ‘नावं ठीक’ एवढंच लिहिलं. मग उठून साहेबांच्या खोलीकडे निघाली.

“मी येऊ सोबत?” मैत्रिणीने मागून विचारलं.

आत्या थांबली नाही.