फुलीचं घर

त्या दिवशी डोली खाली आणताना आमी इतके जण होतो. पुढं माझा दीर आणि त्याचा सोबती. मागं वाडीतला एक म्हातारा आणि त्या बाईचा नवरा. नवऱ्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. डोलीत ती बाई. बाजूनं तिचा हात धरून सिस्टर. आणि मी, माझ्या पदरात त्या बाईची सकाळी झालेली पोर. दीर गेला, त्याचा सोबती गेला, म्हातारा गेला. ती बाई तर वाटेतच गेली. आता सिस्टर बी गेल्या. रायले मी. आणि ती पोर, कुठंतरी. तिच्या बापाचं मला म्हायत नाय.

खालापुराच्या वरच्या अंगाला डोंगरातली ही गोष्ट. माझं सासर तिकडंच. मी गावची सुईण, शाळा दुसरीपर्यंत. सिस्टर म्हंजे सरकारी नर्स, आमच्या उपकेंद्राला आलेल्या. सगळा मुलूख त्यांना सिस्टरच म्हणायचा, मी बी तेच म्हणते.

त्यांचं बोलणं म्हंजे दोन शब्द. "आधी हात."

पयल्यांदा भेटल्या तवा मी गोठ्यातून तशीच उठून बाळंतपणाला निघालेली. त्यांनी माझं मनगट धरलं, बादलीपाशी नेलं आणि कोपरापर्यंत साबण लावून घासलं, मी लहान पोर असल्यासारखं.

"सिस्टर, पोर काय थांबतंय का?"

"थांबेल. आधी हात."

पोर थांबलं. नंतर तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरले, पण तो साबणाचा वास माझ्या हाताला तवाच लागला तो लागला.

आता त्या बाईचं सांगते. ती तिकडची नव्हती. नवराबायको कुठल्या तरी फार्महाऊसच्या भिंतीला दगड वाहायला आलेली, वाडीच्या कडेला खोप टाकून रायलेली. पोर नीट झाली, पण रगत थांबंना. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सगळं केलं. जीप यायची ती खालच्या रस्त्यापर्यंतच. म्हणून डोली, म्हंजे बांबूला बांधलेली गोधडी.

अर्ध्या वाटेत उंबराखाली डोली टेकवली. गडी झऱ्यावर पाणी प्यायला गेले. तवा तिनं डोळे उघडले आणि पोरीला कोणत्या नावानं हाक मारायची ते सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकलं आमी दोघींनीच. जीप दिसायच्या आधी ती गेली.

सिस्टर तिथंच नवऱ्याला नाव सांगणार होत्या. मी अडवलं. बाराव्याच्या आत नाव तोंडातून काढू नये, पोराला बाधतं, असं आमच्यात. आधीच आईवेगळी पोर. मी म्हणाले, बाराव्याला दोघी जाऊ, पाळणा नाय तर नाय, कानात कुर्र करून सांगू. शिकलेल्या बाईनं माझ्यासारखीचं ऐकलं.

बाराव्या दिवशी गेलो. सिस्टरनी झबलं शिवलेलं, माझ्याकडं डब्यात घुगऱ्या. खोपीत कोणी नाय. नवव्या दिवशी ट्रक आला आणि वीटभट्टीसाठी माणसं भरून घेऊन गेला. वाडीतली एक ओली बाळंतीण पोरीला दूध पाजायची, ती म्हणाली, कुठली भट्टी ते काय बोलले नाय. चुलीचे तीन दगड तेवढे होते. घुगऱ्या वाडीतल्या पोरांना वाटल्या आणि उतरलो. खाली आल्यावर सिस्टरनी झबल्याची घडी घातली. मंग म्हणाल्या, "झबलं मी ठेवते."

त्यांनी मला कदी बोल लावला नाय. एकदा मीच म्हणाले, सिस्टर, माझ्यामुळं झालं हे. तर म्हणाल्या, "तू बोललीस, मी ऐकलं. दोघींचं."

नंतर किती उन्हाळे आमी भट्ट्या धुंडाळल्या. कर्जत, खालापूर, पनवेलकडच्या. मुकादमाला इचारायचं, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला कोणी हाय का. दोघेतिघे निघाले बी. त्यांत पोरीचा बाप नव्हता.

सिस्टर रिटायर झाल्या आणि भिसेगावला भावजयीकडं रायला आल्या. लगीन त्यांनी केलं नव्हतं. भाऊ गेलेला, भावजय शालन एकटी. मी बी तवर पोशीरला लेकीकडं आलेली. आठवड्यातनं एकदा रिक्षा करून जायची. एक दिवस बगते तर सिस्टर मोरीत कोपरापर्यंत हात धुतायत. धुतलेले हात वर धरून खोलीत आल्या, वाळू दिले, मंग कम्प्युटरपुढं बसल्या.

शालन दारातून म्हणाली, "वन्सं, त्या डब्यातनं पोर निघणार हाय का?"

"निघेल. वेळ लागेल."

पुस्तक लिवत होत्या. सगळ्या बाळंतपणांचं, वाड्यांचं, डोलीचं. कर्जतातला छापखानेवाला म्हणाला होता, पाचशे काढा, घरी ठेवा, लगनाकार्यात वाटा. सिस्टर म्हणाल्या, "माझ्या खाटेखाली ठेवून ती मुलगी तिथं शोधायला येणार आहे का?" म्हणून मंग बिनकागदाचं पुस्तक. फोनवर वाचायचं.

मला लय नवल.

"पुस्तक कुठंय?"

"यात."

"आणि दुकान?"

"तेही यात."

"दुकानदार?"

"तोही."

"मंग तो जेवायला कुठं जातो?"

सिस्टर हसल्या की चष्मा हातानं धरायच्या. त्या दिवशी दोन्ही हातांनी धरला. शालन म्हणाली, "कागद नाय, शाई नाय, रद्दी बी यायची नाय. उंदरांनी काय खायचं?"

पयल्यांदा त्यांनी सगळ्यांत मोठ्या दुकानात पुस्तक ठेवलं. तिथं जगातली सगळी पुस्तकं. महिना गेला, दोन गेले. रोज आधी हात, मंग बगणं. कोणी फिरकलं नव्हतं. सिस्टरचा चहा तसाच निवलेला असायचा.

एकदा मी म्हणाले, "सिस्टर, पोलिओचा डोस पाजायला तुमी कर्जत टेसनात बसून रायला होतात का? की पोरं येतील तुमच्याकडं?"

त्या कम्प्युटरवरनं माझ्याकडं वळल्या.

"वाडी वाडी फिरलात. दारावर खडूनं खूण केलीत. ती पोरगी कोणत्या दुकानात जाते ते तुमाला काय ठाव? बारक्या दुकानात जात असंल."

ज्यांना म्हायत नाय त्यांच्यासाठी सांगते. डोसाच्या वेळी घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की दारावर इंग्रजीतला पी काढायचा. एखादं मूल घरात नसलं, की फुली. फुलीच्या घरी परत जायचं. मूल सापडेस्तवर जायचं.

सिस्टर उठल्या, कपाटातून खडू काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला चौकोन काढायला लागल्या. एकेक चौकोन म्हंजे एकेक बारकं दुकान. शालन ओरडली, "अवो, आत्ताच रंग दिलाय." सिस्टर म्हणाल्या, "पुसलं जातं." पुसलं कदीच नाय.

दुकानांची नावं माझ्या ध्यानात रायली नायत. मी माणसांवरनं ओळखायची. एक दोघा भावांचं, नुसती मराठी पुस्तकं. एक वाचून परत द्यायचं, लायब्ररीसारखं. एक परदेशातल्या आपल्या लोकांचं. अशी हळूहळू नऊ-दहा झाली. सिस्टर प्रत्येकाला पत्र लिवायच्या: मी नर्स होते, हे माझं पुस्तक, तुमच्या दुकानात कुठल्या फळीवर ठेवाल? मोठ्या दुकानातून उत्तर यायचं ते सगळ्यांना एकच. बारक्यांचं वेगळं यायचं. "लहान दुकानात माणूस असतो गं, मावशी," सिस्टर म्हणायच्या.

दोघा भावांतल्या धाकट्यानं तर फोनच केला. म्हणाला, आधी एक बारकं पुस्तक फुकट ठेवा, ते आवडलं की लोक मोठं घेतील. मला ते लगेच पटलं. नवा तांदूळ आला की शेजारी वानोळा देतोच की आपण. मंग बाळंतिणीला काय खाऊ घालायचं त्याचं बारकं पुस्तक झालं. त्यातलं अर्धं मी सांगितलेलं. अळीव, डिंक, सुंठ, सगळं.

त्यानं आणखी एक सांगितलं, वरचं चित्र बदला. चित्रात निळ्या डोळ्यांचं गोरं पोर होतं. मी पयल्याच दिवशी म्हणालेली, हे पोर आपल्या वाडीतलं नाय. सिस्टरनी मला खिडकीपाशी बसवलं, माझ्या हातावर ते झबलं ठेवलं आणि फोटो काढला. नुसते हात आणि झबलं. शालन म्हणाली, "मावशीची नखं तरी कापा." सिस्टर म्हणाल्या, "धुतलेत ना, बस." मी कर्जत-खालापूर-पनवेलच्या पल्याड फारशी गेले नाय. पण माझे हात कुठं कुठं जाऊन आले.

मंग माणसं यायला लागली. वाचून कोणी दोन ओळी लिवल्या की त्या दुकानाच्या चौकोनात पी. सांगलीकडच्या एका नर्सनं लिवलं, आमच्याकडं बी अशीच डोली होती. परदेशात नातीच्या बाळंतपणाला गेलेल्या एका आजीनं डिंकाचं इचारलं. एका बाप्यानं लिवलं, बायकोला दिवस गेलेत, रोज एक पान वाचून दाखवतो. सिस्टर प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, आणि दर महिन्याला प्रत्येक दुकानात परत काहीतरी नवीन घेऊन जायच्या. जिथं कोणी वाचलं नाय तिथं फुली, तिथं दोनदा. दार पीनं भरत गेलं.

पण सगळ्यांत वर एक मोठी फुली होती. ती त्या पोरीच्या घराची.

पुस्तकात सिस्टरनी सगळं लिवलं होतं, उंबर, झरा, बापाची बोटं. फक्त नाव लिवलं नाय. मी इचारलं, का? म्हणाल्या, "तिचं नाव आधी सगळ्या जगानं वाचायचं, आणि तिनं शेवटी?"

एकदा मला आपलं सुचलं, "सिस्टर, भट्टीवर वाढलेली पोर. तिला वाचता येत असंल का?"

त्यांचं तोंड बारीक झालं. आठ दिवसांनी गेले तर दार बंद, आतून आवाज. फोनपुढं बसून स्वतःचं पुस्तक मोठ्यानं वाचत होत्या. ऐकायच्या पुस्तकांचं एक बारकं दुकान निघालंय म्हणे, तिथं ठेवणार. डोलीचं पान चालू होतं आणि शालनच्या कुकरची शिट्टी झाली. सिस्टर थांबल्या, शिट्टी संपू दिली, आणि पुढं वाचलं. शालन म्हणाली, "वन्सं, परत घ्या, शिट्टी आली." त्या म्हणाल्या, "राहू दे. परत तेवढं वाचायला नको मला."

ते ऐकून एकीचा निरोप आला. माझी आई बी माझ्या जन्माच्या वेळी गेली, आमी बी भट्टीवर होतो. सिस्टरनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर फोन लावला. आधी हात धुतले, फोन करायला सुद्धा. तिला इचारलं, "बाळा, वडलांचा डावा हात कसा आहे?"

ती म्हणाली, चांगला हाय, का वो?

सिस्टरनी फोन ठेवला नाय. तासभर तिच्याशी बोलल्या. तिची आई कशी होती, कोण सांगतं तिला आईचं, सगळं इचारलं. मंग खडू घेतला आणि त्या दुकानाच्या चौकोनात पी काढला. वरच्या फुलीला हात लावला नाय.

दिवाळी झाल्यावर सिस्टर आजारी पडल्या. दवाखान्यात मी बगायला गेले तर माझे हात हातात घेतले, उलटे करून बगितले. म्हणाल्या, "फुलीचं घर राहिलं, मावशी." मी म्हणाले, "मी हाय ना." त्याच आठवड्यात त्या गेल्या.

त्यांचे दिवस झाल्यावर भिसेगावला गेले. मला वाटलं, दार पुसलं असंल. तर शालन मोरीत उभी. कोपरापर्यंत साबण. आली, हात वाळू दिले, कम्प्युटरपुढं बसली. मी दारातच टेकले. तीच म्हणाली, "हसू नका. तीन दुकानांची उत्तरं द्यायची रायलीत."

हे मी फोनमधी बोलते, फोन लिवतो, शालन नीट करते. सिस्टरच्या पुस्तकाच्या शेवटी हे पान ती लावणार हाय, सगळ्या दुकानांत. शालन म्हणते, मावशी, नाव मला तरी सांगून ठेवा, तुमचं काय खरं. मी म्हणते, अजून नाय. सांगितलं की मी निवांत होईन, आणि निवांत झालेलं माणूस फार दिवस रायत नाय. पण झबलं तिच्याकडं दिलंय.

आमी कदी कदी ते वाचलेलं ऐकतो. सिस्टरचा आवाज येतो, उंबरापाशी येतो, शिट्टी होते, त्या थांबतात. आमी दोघी बी थांबतो.

तर वाचणाऱ्यांनो, एवढं करा. जिची आई डोलीत गेली आणि जिच्या बापाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, अशी कोणी तुमच्या ओळखीत असली तर तिला हे वाचून दाखवा. तिला सांगा, पोशीरला ये आणि सुईणमावशी कुठं रायते इचार. मला आता मोठ्यानं बोलता येत नाय. जरा वाकून कान जवळ आणायला सांगा.