संपत सरांची बोटमोजणी

संपत सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून आले आणि मैदानावर गुडघाभर गवत वाढलं. हा माणूस मैदानावर फिरकतच नाही. त्यांनी मोबाइलवर कुठंतरी वाचलं, की अंगठ्याशेजारच्या बोटापेक्षा करंगळीशेजारचं बोट लांब असेल तर ते पोर पळण्यात तरबेज निघतं. झालं! जालन्याहून लांबी अचूक मोजायचं लोखंडी व्हर्नियर आणलं आणि खुर्चीत बसून पोरांची बोटं मोजायला लागले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आमच्या वडीगोद्रीतले पालक मात्र भारावले. भागाकार करून दोन दशांशांपर्यंत आकडा सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल? मला पहिल्या दिवसापासून त्यांची चीड आली.

सहावीतली आकांक्षा सुसाट पळते. तालुक्याच्या शर्यतीत उतरायचं, हे तिचं एकच वेड. सरांनी तिची बोटं मोजली आणि यादीतून तिचं नाव काढून टाकलं. दोन्ही बोटं सारखीच, म्हणे.

"पुन्हा मोजा," मी म्हणाले.

"मॅडम, हे विज्ञान हाये. कितीबी बार मोजा, बराबर तेवढंच येनार."

मोजलं. आकडा वेगळा. तिसऱ्यांदा मोजलं, तर तिसराच. घोळ मला समोर दिसत होता. पोरीच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी दोन सुरकुत्या होत्या. सर कधी वरचीपासून मोजत, कधी खालचीपासून. त्यात पोरगी घाबरून बोट आखडत होती. मी तसं सांगितलं.

"पोरगीच हालून राह्यली," म्हणत सरांनी वही मिटली. नाचता येईना, अंगण वाकडं!

तिची आई दैवशाला मजुरीला जाते. माझ्यापेक्षा तिचा सरांवर विश्वास जास्त. तिनं स्वतःच इलाज काढला. तान्ह्या बाळाचं नाक तेल लावून चोळून सरळ करतात, मग बोट का वाढणार नाही? आठ दिवस रोज सकाळी तिनं पोरीचं ते बोट तेल लावून ओढलं.

नवव्या दिवशी आकांक्षा सुजलेलं बोट घेऊन शाळेत आली. सरांनी व्हर्नियर लावलं तशी ती कळवळली. या खेपेला त्यांनी खालची सुरकुती धरली. सूज त्यांना दिसलीच नाही.

"बघा मॅडम, वाढलं! म्हन्लो न्हवतो, वाढीच्या वयात बदल व्हतो म्हनून?"

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण नाव यादीत चढलं आणि दैवशाला त्यांच्या पाया पडली.

मी आकांक्षाला बाजूला नेऊन बोटाला पट्टी बांधली. निवड झाली म्हणून ती हसेल, असं मला वाटलं होतं. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तालुक्याला बी पळायच्या आधी बोटंच मोजत्यात का? मंग आईला सांगते, उद्यापून दुसऱ्या हाताचं ओढ म्हनून."