बाळंतिणींची गार खोली

माझी थोरली बहीण गोदाअक्का गेल्याचे मला मेहकरात मोटारीच्या ड्रायव्हरकडून कळले. टपावरची पोती उतरवता उतरवता तो म्हणाला, "गुरुजी, तुमची नांदुऱ्याची बहीण गेली. काल आटोपलं सगळं." मी पोचेपर्यंत राख सावडून झाली होती. आता महिना उलटला. शांतपणे लिहिता येईल असे वाटते.

अक्का नागपूरला सुईणीचे काम शिकून नांदुऱ्याच्या दवाखान्यात लागली. बाळंतिणींची खोली तिच्याकडे असे. खोलीवर नवे टिनपत्रे होते आणि गावाला त्यांचे भारी कौतुक. उन्हाळ्यात मात्र खाली भट्टी व्हायची. एका वैशाखात पिंजाऱ्याची सून हमीदाबी हिचे तान्हे दुपारी तापले आणि दिवस मावळायच्या आत गेले. अक्का रडली नाही. मला एवढेच म्हणाली, "याले त्या टिनानं मारलं."

पत्र्याखाली अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा, जाड थर द्यावा, असे तिने दवाखान्याच्या कमिटीला सुचवले. मेंबरांनी आगीची भीती सांगितली. ती चूक नव्हती. नांदुऱ्यात कापसाच्या आगी सगळ्यांनीच पाहिलेल्या. मग अक्काने वाख पांढऱ्या मातीच्या गाऱ्यात बुडवून वाळवला, मेंबरांना परसात बोलावले आणि त्यांच्यादेखत एक पेंडी चुलीत सारली. ती धुमसली, काळी पडली... पेटली नाही.

"आता काऊन नाही म्हणता?"

"अन् मातीच्या वजनानं छत खाली आलं तर?" एक म्हातारे मेंबर म्हणाले.

"तर माह्या अंगावर येईन. मी तिथंच झोपत जाईन."

पुढे ती खरोखरच तिथे झोपू लागली.

तुरीच्या काड्यांचे तट्टे आढ्याखाली बांधले, त्यावर वाख अंथरायचा होता. घरोघरच्या बाया पेंड्या घेऊन आल्या. गुंता सोडवायला सगळ्यांत आधी बसली ती हमीदाबी. कुणीतरी तिला विचारले, "तुह्यं तर गेलं बाई, तू काऊन हात दुखवतं?"

"दुसरीचं तरी राहीन ना," ती म्हणाली.

त्यानंतरही त्या खोलीत मुले दगावली. पण उन्हाने नाही. अक्काने याचा कधी गवगवा केला नाही.

अक्का गेल्यावर नांदुऱ्याहून परत निघण्यापूर्वी भर दुपारी मी त्या खोलीत डोकावलो. एक अनोळखी बाळंतीण पडली होती. बाहेर रस्ता पोळत होता आणि हिने बाळाला दुपट्यात गुंडाळून कुशीत घेतले होते. मला उंबऱ्यातच उभा राहिलेला पाहून ती वैतागली.

"दार लावा ना भाऊ, झळ येते आत."

मी दार लावून घेतले.