दगडावरची पाचवी ओळ

साक्री तालुक्यातल्या ज्या गावात मी शिक्षिका होते, तिथे शाळेसमोर एक दगडी स्तंभ आहे. बेचाळीसच्या चळवळीला पन्नास वर्षं झाली तेव्हा तो उभारला. त्यावर सहा नावं कोरली होती : गोळीबारात गेलेल्या दोघांची आणि त्याखाली ‘दिवंगत स्वातंत्र्यसैनिक’ म्हणून चौघांची. पाचवी ओळ आता वाचता येत नाही. ती मी खरवडली.

नावांची यादीही मीच केली होती. मी पिंप्राळ्याहून तिथे येऊन महिनाच झाला होता. गावची अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. एका दुपारी चार घरं उरकायची होती. शेवटच्या घरच्या म्हाताऱ्या आक्का ओट्यावर केस वाळवत बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मी विचारलं, “तुमचे मालक चळवळीत होते ना? नाव काय त्यांचं?” त्यांनी पदर पुढे ओढला आणि मान फिरवली. आपण विधवा बाईच्या जिव्हारी लागेल असं बोललो, असं वाटून मी तिथून उठले. शेजारणीला नाव विचारलं आणि ‘हयात की मयत’ या रकान्यात ‘मयत’ लिहिलं.

आक्कांनी नुकतीच डोक्यावरून आंघोळ केली होती, कुंकू लावायचं बाकी होतं. नवऱ्याचं नाव त्या घेत नव्हत्या. त्या गावात कुठलीच बाई घेत नव्हती. त्यांचे मालक, आबा, तेव्हा सुरतेला मुलाकडे होते. यादीवर चार जणांच्या सह्या झाल्या. ती वाचली कुणीच नाही.

अनावरणाच्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडदा सरकला, कुणीतरी नावं मोठ्याने वाचली आणि पाचव्या नावाला मांडवात हशा उसळला. आबांच्या जोडीचा एक म्हातारा ओरडला, “ऊठ रे, भूतस्ले खुर्ची नही भेटत!”

“मनं सराद सरकारनी करी टाकं,” आबा म्हणाले. स्वतःच्या श्राद्धावर सगळ्यात जास्त तेच हसले. बायकांच्या घोळक्यात आक्का उभ्या होत्या. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या.

आठव्या दिवशी आबांना ताप आला. पाच दिवस तो उतरला नाही. मी घरी गेले तेव्हा त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता साक्रीच्या दवाखान्यात न्या. आक्का उंबऱ्यात आडव्या बसल्या.

“नाव तठे मरेलमा शे. असा नेशात ते परत येतीन का? तुम्ही लिखं, तुम्हीच काढा. मंग न्या.”

मी समजावलं, रागावले, हातही जोडले. दगडावर नाव मेलेल्यांत असेतो त्या उंबऱ्यातून हलणार नव्हत्या. मुलाला तार गेली होती, पण तो आलेला नव्हता. मी एस.टी.ने तालुक्याला गेले. नाव काढायचं म्हटल्यावर कचेरीत उत्तर मिळालं, “अर्ज द्या, वर पाठवतो.” डॉक्टर म्हणाले, “पेशंट इथे आणा. उशीर करू नका.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. लिहिल्याने कुणी मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या लिहिण्यामुळे हा माणूस दवाखान्यावाचून मरणार होता, आणि त्यात मानण्या-न मानण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. दुपारी गाव रिकामं झालं. आक्का पदराखाली हातोडी आणि जात्याला लावायची टाकी, म्हणजे छिन्नी, घेऊन आल्या. घरच्या जात्याला त्या स्वतः टाकी लावत. मी म्हटलं, “मग तुम्हीच मारा ना.” त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. मी ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं, “हेच ना?” त्यांनी मान फिरवली. या वेळी मला त्याचा अर्थ कळला.

पहिला घाव बसला तसा आवाज समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. हुतात्म्यांचा स्तंभ, सरकारी दगड, आणि सरकारी शाळेतली बाई त्यावर घाव घालतेय. नोकरी जाईल, पोलीस येतील, गाव अंगावर येईल. दुसऱ्या घावाला टाकी घसरली आणि वरच्या ओळीतल्या नावाची वेलांटी उडाली. मी थांबले.

त्याच वेळी मागे सायकल थांबली. गावचे पोलीस पाटील होते. यादीवर पहिली सही त्यांची होती. त्यांनी दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे.

“बाई,” ते म्हणाले, “वरनं नाव ऱ्हाऊ द्या. तो मना मामा शे.”

आणि सायकलवर टांग टाकून बाजाराकडे गेले.

पुढचे घाव मी मोजले नाहीत. ओळ संपली तेव्हा तळहाताचं सालपट निघालं होतं. आक्कांनी त्या जागेवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा, कुठे अक्षर लागतंय का ते पाहत. मग म्हणाल्या, “गाडी जुपा.”

टायफॉइड निघाला. आबा पंधरा दिवसांनी घरी आले आणि त्यानंतर बरीच वर्षं जगले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्याने पेन उघडून विचारलं, “पेशंटचं नाव?” आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. नाव मला पाठ होतं, त्याचं एकेक अक्षर मी दगडातून उपसून काढलं होतं. तरी मी खाटेपाशी गेले, आबांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने विचारलं, “आबा, तुमचं नाव सांगा.”

डोळे न उघडता त्यांनी सांगितलं, स्वतःचं, वडलांचं आणि गावाचं.

मग मी ते लिहून घ्यायला सांगितलं.