मन्सूर मिस्त्रीची निळी ठिणगी

मन्सूर मिस्त्रीला ठिणगीचा रंग वाचता येतो, ही घोट गावातली तीस वर्षांची जुनी ख्याती. चिंचेखाली टिनाचं छप्पर, हेच त्याचं गॅरेज. गाडी बंद पडली की एक प्लग काढायचा, त्याच्याच वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचा आणि फर्मावायचं, "मार सेल्फ." ठिणगी निळी उडाली तर करंट सलामत, रोग पेट्रोलात शोधा. पिवळी, मरतुकडी उडाली तर रोग करंटातच. या निदानाचे तो पैसे घेत नसे, फक्त चहा घ्यायचा. चहात साखर कमी पडली की ठिणगी पिवळी निघते, असं लोक म्हणायचे. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं?

पण मागच्या दिवाळीपासून मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे धुकं उतरलं होतं. मोतीबिंदू. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची चिठ्ठी दिली. ती त्याने पान्यांच्या पेटीत अगदी तळाशी पुरली आणि गावात सांगितलं, बायकोचा बीपी दाखवायला गेलो होतो. तेव्हापासून धडधाकट सुलतानाबी रोज चार जणांकडून तब्येतीची विचारपूस सोसत होती. नवऱ्यासाठी बाई काय काय सोसते, पाहा!

एप्रिलातली सकाळ, पावणेआठची वेळ. पाच पोरी एक व्हॅन ढकलत चिंचेखाली आल्या. आत स्टिअरिंग धरून भैयाजी, राजासारखा.

"मन्सूरभाऊ, वाचव गा! सेल्फ फिरून राह्यला, पण गाडी काई उठून नाई राह्यली."

भैयाजीची पोरगी दिव्यानी आणि तिच्या चार मैत्रिणी पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेला गडचिरोलीला निघाल्या होत्या. दहाला गेट बंद. रस्ता सव्वा तासाचा, म्हणजे पावणेनऊच्या आत निघायलाच हवं. सकाळची एसटी गेलेली. मोहाचे दिवस, त्यामुळे गावातल्या झाडून साऱ्या दुचाक्या पहाटेच फुलं वेचायला जंगलात गेलेल्या. दिव्यानीचं वयात बसण्याचं हे शेवटचं वर्ष. दोन वर्षं ती शाळेच्या मैदानावर धावत होती. गावची कुत्रीसुद्धा आता तिच्या मागे धावायची नाहीत, दमायची.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मिस्त्रीने सीट उचलली. आत एका अंगाला फुगलेली गोणी कोंबलेली, तिचा गोड उग्र वास. ती तशीच ठेवून त्याने प्लग काढला, वायरीला जोडला, लोखंडावर टेकवला.

"मार सेल्फ."

इंजिन घरघरलं. मिस्त्री डोळे ताणून वाकला. उन्हात त्याला दिसलं ते पांढरं धुकं आणि धुक्यात आणखी पांढरं. पण कानावर आवाज आला, चट्, चट्, चट्. खणखणीत. असा आवाज निळ्या ठिणगीचाच. आणि चहाच्या टपरीवरून दहा जण बघत होते.

"निळी!" मिस्त्री म्हणाला. "करंट बराबर हाय. पेट्रोल अडकलं."

मग त्याने कार्ब्युरेटर उघडला. डोळ्यांचं काम त्याने बोटांना दिलं, बोटं शहाणी होती. जेटचं बारीक भोक फुंकलं, पेट्रोलची वाटी पुसली, पुन्हा सारं बसवलं. पंचवीस मिनिटं गेली. भैयाजीने सेल्फ मारला. घरघर, घरघर. पुढे काही नाही.

सव्वाआठ.

"चाचा," दिव्यानी हळूच म्हणाली, "होईन न?"

मिस्त्रीने पेट्रोलची नळी पुन्हा चाचपली. पेट्रोल येत होतं, तरी इंजिन उठत नव्हतं. म्हणजे रोग करंटातच होता आणि आपण जे बोललो ते पाहून बोललोच नव्हतो, हे त्याला कळून चुकलं. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, चहात साखर टाकू का?" लोक खिदळले. मिस्त्रीच्या मानेवरून घामाची धार उतरली. अजून एकदा "निळी" म्हणता आलं असतं. बॅटरीवर, भैयाजीच्या नशिबावर, कशावरही ढकलता आलं असतं. दारात सुलतानाबी उभी होती. ती फक्त बघत होती, आणि तेवढं मात्र मिस्त्रीला स्पष्ट दिसलं.

"दिव्यानी बाई," तो म्हणाला, टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात, "मले ठिणगी दिसत नाई. सा महिने झाले. मघा मी आवाजावर बोललो. आता तू पाह्य, मी सांगतो कसं."

टपरीवर चहा ओतणाऱ्याचा हातच थांबला म्हणतात.

"आता सांगून राह्यला तू?" भैयाजी किंचाळला. "इथी पोट्टीचं वर्ष चाललं!"

"बाबा, गप राहा न जी. चाचा, सांगा."

"पहिले थांब." मिस्त्रीने फडक्याने इंजिन पुसलं. कार्ब्युरेटर उघडताना पेट्रोल सांडलं होतं. त्यावर ठिणगी पडली असती तर व्हॅनची होळी झाली असती. तो वास घेत उभा राहिला. शेजारी रेतीची बादली. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. भैयाजी घड्याळ बघत गोल गोल फिरत होता, घाण्याच्या बैलासारखा. मिस्त्री हलला नाही. वास पूर्ण गेल्यावरच त्याने मान हलवली.

"सुलताना, काळी चादर आण."

चार पोरींनी चार टोकं धरून सीटवर अंधार केला. दिव्यानीने मान आत घातली. "वायरीले हात नोको लावू. मार सेल्फ."

"प्लगवर पिवळी, चाचा! मधातच विझते."

मिस्त्रीने कान पुन्हा इंजिनाकडे वळवला. मग ती चट्-चट् कुणाची होती?

"अजून कुठी काई चमकते का?"

"हो! गोणीच्या मांगं! जाड वायरीतून लोखंडावर उडून राह्यली. निळी, चांगली निळी!"

मिस्त्रीने सेल्फ थांबवायला लावून गोणी ओढली. तळाला भोक, मोहाची फुलं इंजिनभर आणि कॉइलची जाड वायर उंदरांनी कुरतडून तांब्यापर्यंत उघडी. प्लगचा करंट वाटेतच लोखंडात पळत होता, आणि ज्या आवाजावर मिस्त्रीने विश्वास ठेवला तो त्या चोराचाच होता.

"भैयाजी, हे काय गा?"

"फुलं," भैयाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "इंजिनाच्या गरमीनं रातभरात मस्त सुकतात. आंगणात गाई खातात न."

"गाईपासून वाचवले अन् उंदरायले जेवू घातलं!" दिव्यानी म्हणाली.

मिस्त्रीने गॅरेजमागच्या भंगार गाडीची वायर चाचपून उपसली, फुंकली, बसवली. पुन्हा चादर, पुन्हा दिव्यानीची मान आत.

"प्लगवर निळी!"

"नक्की?"

"देवाशप्पथ, चाचा."

प्लग जागेवर गेला. सेल्फ मारताच व्हॅन खोकली, शिंकली आणि धावू लागली. आठ चाळीस. पोरी आत कोंबल्या गेल्या, गोणी बाहेर फेकली गेली, आणि ती खायला गाई खरोखरच आल्या.

मग मिस्त्री स्टुलावर बसला. टपरीवरून चहा आला, पण तो हातातच राहिला. साडेनऊ झाले. पावणेदहा. दहाला चार मिनिटं असताना फोन वाजला. एरवी तो नाव दिसल्याचं सोंग करून "हॅलो" म्हणायचा. आज त्याने दहा जणांदेखत फोन सुलतानाबीकडे धरला.

"देख, किसका है."

"दिव्यानीचा," ती म्हणाली आणि फोन त्याच्या कानाला लावला.

पलीकडे गर्दी, शिट्ट्या, धापा. "चाचा, गेटाच्या आत आलो! पाची जणी!"

मिस्त्रीने फोन ठेवला. मग पान्यांची पेटी ओढून त्याने सगळे पाने जमिनीवर ओतले.

"वो चिठ्ठी," तो म्हणाला, "उसपे तारीख कौनसी है, पढ के बता."

सुलतानाबीने चिठ्ठी उचलली, तेलाचे डाग पदराला पुसले. "तारीख तो गई जी," ती म्हणाली, "दवाखाने का नंबर है." आणि तिने त्याच्याच फोनवरून नंबर लावला.